परसातलं जुनं ग्रिल: दुरुस्त करावं की नवं आणावं?

परसदार
परसातल्या गॅस ग्रिलवरून घरात दोन तट पडलेत. ग्रिल दहाएक वर्षांचं. तीन बर्नर आहेत, त्यातला मधला एकाच बाजूने पेटतो आणि ज्योत पिवळी, लांबट येते. बर्नरवरचे तिरपे पत्रे गंजून चाळण झालेत. खटका दाबला की टिकटिक ऐकू येते, पण पेटत काही नाही. झाकणाच्या आतून काळे पोपडे सुटतात. चाकं, दांडी, झाकण मात्र ठणठणीत. माझं मत नवं घ्यावं. घरचे म्हणतात, आधी उघडून तर बघ. तुम्ही काय केलं असतं? नुसतं 'फेका' किंवा 'ठेवा' नको, कारण सांगा.

पाना_पक्कड
ठेवा. तुम्ही मोजलेल्या सगळ्या वस्तू झिजण्यासाठीच असतात. बर्नर, त्यावरचे पत्रे, खटका हे सायकलच्या टायरसारखं समजा. टायर झिजला म्हणून कोणी सायकल भंगारात घालत नाही. खरं ग्रिल म्हणजे खालची पेटी, व्हॉल्व्ह बसवलेला पाइप आणि झाकण.

पेटी तपासायची रीत सोपी आहे. सिलिंडर काढून बाजूला ठेवा. जाळ्या, पत्रे, बर्नर काढा, साचलेला चिकटा खरवडा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तळ, कोपरे आणि बर्नर टेकतात त्या जागा टोचून बघा. टोक आरपार गेलं तर माझं मत मागे. नाही गेलं तर अजून बरीच वर्षं आहेत. पेटी ओतीव अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तिला लोखंडासारखा गंज चढत नाही.

आणि ते काळे पोपडे बहुतेक वेळा रंगाचे नसतातच. धूर आणि चरबी जळून बसलेला कार्बन असतो तो. खरवडा, पुसा, विषय संपला.

नवं_ते_हवं
टायर फुटला तर माणूस सायकल ढकलत घरी येतो. इथे गॅस आहे, पाना_पक्कड.

उघडून बघा म्हणणं सोपं आहे. इतक्या वर्षांचे स्क्रू सुटतात कुठे? एकाचं डोकं झिजतं, दुसरा मुळापासून तुटतो, मग ड्रिल काढा. त्यानंतर सुट्या भागांची गंमत. 'सर्व ग्रिलला चालेल' असं लिहिलेला बर्नर कुठल्याच ग्रिलला नीट बसत नाही. लांबी जमली तर टेकण जमत नाही, टेकण जमलं तर नळीचं तोंड व्हॉल्व्हसमोर येत नाही. यंदा बर्नर, पुढच्या वर्षी रेग्युलेटर, त्यापुढे पाय. प्रत्येक वेळी वाटतं एवढंच तर आहे. दुरुस्तीवाले स्वतःच्या सुट्टीचे दिवस कधी हिशेबात धरत नाहीत.

काडेपेटी
दोघेही थांबा. मधला बर्नर मेलाय असं गृहीत का धरताय? अर्धवट पेटणं आणि पिवळी ज्योत म्हणजे हवा नीट मिसळत नाहीये. बर्नरच्या नळीत, व्हॉल्व्हकडच्या तोंडाशी, कोळी जाळं करतात. नळी बाहेर काढून आतून लांब लवचिक ब्रश फिरवा, बुजलेली भोकं तारेने मोकळी करा, पण मोठी करू नका. ज्योत निळी झाली तर बर्नर विकत घ्यायलाच नको. टोकाला किंचित पिवळं असलं तर चालतं.

हे जाळ्याचं प्रकरण हसण्यावारी नेऊ नये. नळी तुंबली की गॅस मागे फिरतो आणि बर्नरऐवजी बटणांच्या मागे पेटतो. (विषयांतर: कोळ्यांच्या जाळ्यांनी इंधन टाकीची हवेची नळी बुजते म्हणून माझ्दाने २०११ साली अमेरिकेत मोटारी परत मागवल्या होत्या. आपलं ग्रिल त्या मानाने किरकोळच.)

सहज_आलो
माझा थोडा वेगळा प्रश्न. माझे सगळेच बर्नर एकाएकी मंद झालेत, सिलिंडर भरलेला आहे. रेग्युलेटर गेला असं समजून ग्रिलच बदलायला निघालोय.

काडेपेटी
@सहज_आलो, थांबा! बऱ्याच रेग्युलेटरमध्ये सुरक्षेची सोय असते: गॅस अचानक जोरात वाहू लागला की नळी फुटली असं समजून तो प्रवाह अगदी कमी करतो. बर्नरचं बटण उघडं असताना सिलिंडर सुरू केला, किंवा सिलिंडर झटक्यात उघडला, तरी हेच होतं. सगळी बटणं बंद, सिलिंडर बंद, रेग्युलेटर सुटा करून थोडा वेळ थांबा. परत जोडा, सिलिंडर सावकाश उघडा, मग बर्नर. एवढ्याने ज्योत वाढली नाही तर रेग्युलेटरचा विचार करा.

हिशेबनीस
नवं घ्या म्हणणाऱ्यांना एक विचारतो. नवं म्हणजे कुठलं? जुन्या जाड पेटीच्या जागी पातळ पत्र्याचं चकचकीत काहीतरी येणार असेल तर ती बढती नव्हे. दुकानात खिशात लोहचुंबक घेऊन जा. ४३० जातीच्या स्टेनलेसमध्ये निकेल जवळजवळ नसतं, त्याला चुंबक चिकटतो आणि ते उघड्यावर लवकर डागाळतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, सपाट भागाला चुंबक जवळपास चिकटतच नाही (वाकवलेल्या कडांना थोडा ओढला जातो, त्यावरून भांडू नका). झाकण ३०४ चं आणि बर्नर हलक्या जातीचे, असाही माल असतो. म्हणून चुंबक बर्नरला लावा.

नवं_ते_हवं
हिशेबनीस, मान्य, वाईट नवं घेऊ नये. पण म्हणून वाईट जुनं ठेवावं असं होत नाही. प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड. गळती झाली तर उडून जात नाही, सिलिंडर ठेवतो त्या खालच्या कपाटात साचतो. गंजलेल्या जोडांवर माझा भरवसा नाही.

पाना_पक्कड
भरवसा कशाला, साबणाचा फेस आहे ना. बर्नरची बटणं बंद, सिलिंडर उघडा, आणि नळी, रेग्युलेटर, प्रत्येक जोड यांवर साबणपाणी लावा. बुडबुडे फुगले की गळती. नवं ग्रिल आणलंत तरी ही चाचणी करायचीच असते. नळीला वाकवल्यावर चिरा दिसल्या तर रेग्युलेटरसकट बदला, टेप गुंडाळू नका.

जुगाडू
पेटीला भोक निघालं तर गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं ठिगळ रिव्हेट करून टाका. माझ्याकडे तुकडे पडलेत, हवे तर देतो.

पाना_पक्कड
नको हो जुगाडूभाऊ! जस्ताचा मुलामा बर्नरखालच्या उष्णतेसाठी नाही, फार तापला तर सुटतो आणि त्याचा धूर वाईट. तिथे आपण खायचं भाजतो. ठिगळ लावायची वेळ आली असेल तर मी नवं_ते_हवं यांच्या बाजूने.

नवं_ते_हवं
हा प्रतिसाद जपून ठेवतो आहे.

परसदार
उघडलं. दोन स्क्रू तुटले, नवं_ते_हवं यांना त्याचे गुण. नळीच्या तोंडाशी जाळं होतं, काडेपेटींना त्याचे. पण साफ केल्यावर दिसलं की मधला बर्नर खालच्या शिवणीवर उकललाय, त्यामुळे तो गेलाच. पेटी ओतीव आहे, टोचून पाहिली, कुठे दगा नाही. खटक्याच्या टोकाची पांढरी चिनीमातीची कांडी तडकलीय आणि ठिणगी तिथूनच पेटीच्या अंगावर पळते. नळीला चिरा आहेत. डावं बटण मात्र फार कष्टाने फिरतं, आणि ते मला आवडलेलं नाही.

नवं_ते_हवं
बघा! व्हॉल्व्ह जड म्हणजे आतलं वंगण वाळलंय. तो उघडून तेल घालू नका, आणि त्याचं तोंड दुसऱ्या मापाच्या ड्रिलने साफ तर मुळीच करू नका. ते भोक त्या गॅससाठी मोजून पाडलेलं असतं. अख्खा पाइप व्हॉल्व्हसकट मिळत असेल तर बदला. तुमच्या मॉडेलचा मिळत नसेल, तर पेटी कितीही चांगली असो, मी ते ग्रिल पेटवणार नाही.

पाना_पक्कड
इथे माझा वाद नाही. मॉडेल क्रमांक बहुधा कपाटाच्या आत किंवा मागच्या पट्टीवर असतो, तो घेऊन आधी पाइपची चौकशी करा. तो मिळाल्याशिवाय बर्नर मागवू नका.

परसदार
क्रमांक सापडला, पाइप मिळतोय. बर्नर, पत्रे, नळी त्याच्यासोबत मागवतो. खटका राहू दे, लांब दांडीचा लायटर आहे. झाकण उघडं ठेवून, आधी लायटर पेटवून मग बटण फिरवेन.