निवृत्तीला आलेल्या अव्वल कारकुनाला ई-ऑफिस कसं शिकवावं?

प्रश्न (धुळे जिल्हा):
तहसीलमध्ये नायब तहसीलदार आहे, पहिलीच नेमणूक. आमचे अव्वल कारकून नाना पुढच्या वर्षी ५८ पूर्ण करतील, म्हणजे निवृत्तच. जुना फेरफार कोणत्या गठ्ठ्यात आहे ते खुर्चीवरून न उठता सांगतात. पण ई-ऑफिसवर, म्हणजे संगणकावरच्या सरकारी फायलीत, टिपणी टाकायची म्हटलं की, ‘माले जमाव नही मॅडम.’ पोरं मागून हसतात, तेच जास्त खटकतं.

उत्तर (निवृत्त, अमळनेर):
सगळ्यांसमोर शिकवू नका. सकाळी गर्दी व्हायच्या आत बसवा. आधी स्क्रीनवरची अक्षरं मोठी करा. निम्मी भीती चष्म्याची असते. आणि हसणाऱ्या पोरांपैकीच एकाला गठ्ठ्यांची यादी करायला त्यांच्या हाताखाली द्या. आठवड्यात हसू जातं.

उत्तर (जळगाव):
ताई, त्यांचं सेवापुस्तक पाहिलंत का? वेतन पडताळणी, म्हणजे पगार बरोबर ठरलाय का याची तपासणी, राहिली असेल तर माणसाचं चित्त पेन्शनच्या कागदांत अडकतं, टिपणीत कुठून लागणार? कर्मचाऱ्यांचे कागद बघणाऱ्या आस्थापनेच्या टेबलाला आत्ताच हलवा, शेवटच्या महिन्यात कुणी विचारत नाही.

प्रश्नकर्ती:
पाहिलं. पडताळणीचा शिक्का खरंच नाही! आणि त्यांचं टेबल वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. मे महिन्यात तिथं मलाच बसवत नाही. खाली आणते.