अनुभव धागा : शरदातले इवलेसे हात

धागा सुरू करणारी, सुदामा नगर

लेक अडीच वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात तिच्या प्लेस्कूलमधून निरोप आला की 'ऑटम' या विषयावर हाताच्या ठशांचं चित्र करून पाठवा. सोबत नमुना होता, तपकिरी खोड आणि नारिंगी-लाल पानांचा सडा. मी तिला कडेवर घेऊन गॅलरीत गेले. समोरचा कडुनिंब हिरवागार. आपल्या माळव्यात पानं गळतात ती फाल्गुन-चैत्रात, हे इंदुरात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको.

मग आपल्या शरदात काय असतं? पाऊस उघडलेला असतो, शिवारात सोयाबीन पिवळं पडून कापणीला आलेलं असतं, सकाळी अंगणात प्राजक्त पडलेला असतो. पितृपक्षात संजा, मग घट, भोंडला, दसरा, कोजागिरी. इतका भरलेला ऋतू दारात असताना लेकीला न पाहिलेलं झाड का काढायला लावू?

आम्ही हत्ती केला. तळहाताला राखाडी रंग लावायचा, कागद उलटा धरल्यासारखा हात खाली बोटं करून टेकवायचा. चार बोटं म्हणजे चार पाय, ताणलेला अंगठा म्हणजे सोंड. डोळा, कान आणि शेपटी मी स्केचपेनने काढली. तिने सोंडेवर बोट ठेवून विचारलं, "हे माझं?" मी म्हटलं, "हो, तुझा अंगठा." नंतर दिवसभर अंगठा वर करून घरभर फिरत होती.

साधारण २७ सप्टेंबरला सूर्य हस्त नक्षत्रात जातो आणि हादगा तेव्हापासूनचा. हस्त म्हणजे हात, आणि पाटावर मांडतो तो हत्ती. आमच्या बिल्डिंगमधल्या भोंडल्याला यंदा पाटावर तिच्याच हाताचा हत्ती ठेवला आणि आम्ही फेर धरला. खिरापत ओळखण्यापेक्षा बायकांना तो हत्ती जवळून बघायचा होता.

तुम्ही वर्ष ते चार वर्षांच्या मुलांबरोबर या दिवसांत हाताच्या ठशांचं काय काय केलंत, ते इथे लिहा. रंग कोणता, कागद कोणता, मूल रडलं का, काय फसलं, तेही लिहा. पुढच्या आईला त्याचाच उपयोग होतो.

दोन वर्षांच्या मुलाची आई, लोकमान्य नगर

ताई, हत्ती नक्की करणार. माझा अनुभव हळदीचा आहे.

आमचा मुलगा दिसेल ते तोंडात घालतो. त्यामुळे बाटलीतला रंग आणायचा धीर झाला नाही. दोन चमचे हळद, चमचाभर तांदळाची पिठी आणि श्रीखंडासारखं होईल इतकंच पाणी, असा रंग घरीच कालवला. ठसे सुंदर आले, पिवळेधमक. मग त्याला बेसिनपाशी नेऊन साबण लावला आणि दोन्ही तळहात लालभडक! माझ्या पोटात धस्स झालं. कुठे कापलं म्हणून एकेक बोट उलगडून बघत होते आणि तो मजेत फेस फुंकत होता. सासूबाई धावत आल्या. बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हळदीला साबण लागला की ती लाल होतेच. कुंकू कशाचं करतात मग?"

तेव्हा कळलं की क्षार लागला की हळद तांबडी होते आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. दुसऱ्या दिवशी त्याचाच खेळ केला. हळदीचे ठसे गोल फिरवत टेकवले, म्हणजे पिवळ्या पानांचा एक झुबका झाला. ठसे पूर्ण वाळू दिले. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवून, इअरबड बुडवून त्याच्या हातात दिला. जिथे टेकवेल तिथे पिवळ्यावर तांबूस ठिपका उमटायचा. पिकत चाललेल्या पानावर पडतात ना, अगदी तसा. त्याने आठ ठिपके केले आणि प्रत्येक ठिपक्याला माझ्याकडे वळून बघितलं.

दोन गोष्टी मात्र जपा. कुंकवासाठी चुना वापरतात म्हणून इथे चुना घेऊ नका, कोवळ्या कातडीला तो भाजतो. सोड्याचं पाणीही डोळ्यात जाऊ देऊ नका, वाटी आपल्याच हातात असू द्या. आणि हळदीचा डाग कपड्यावरून जात नाही, तेव्हा लंगोटावर बसवा.

प्लेग्रुप चालवणाऱ्या एक ताई, वैशाली नगर

चौदा वर्षं लहान मुलांचे हात रंगवते आहे. थोडं हातखंड्याचं सांगते.

ब्रशने तळहात रंगवायला गेलं की गुदगुल्या होतात आणि मूठ मिटते. त्यापेक्षा भांडी घासायचा नवा स्पंज ताटलीत ठेवा, त्यावर रंग ओता आणि मुलाला त्यावर हात थापू द्या. रंग सारखा लागतो आणि हात त्याने स्वतः घातलेला असतो. कागदाच्या चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून तो फरशीवर पक्का करा. टेबलावर मूल वाकून हात टेकवतं तेव्हा मनगट उचललं जातं आणि तळहाताचा मधला भाग कोराच राहतो. ठसा उमटवताना बोटं ओढू नका. हाताच्या पाठीवर आपला तळवा ठेवून एकदाच दाबा आणि सरळ वर उचला. फिरवलात की फरफटला.

वर्षाच्या आतबाहेरच्या मुलाची मूठ उघडत नसेल तर बळ लावायचं नाही. मनगटापासून करंगळीच्या बाजूने हलकेच चोळलं की बोटं आपोआप उलगडतात. तेव्हाही नाही उघडली तर मुठीचाच ठसा घ्या, तो झेंडूचं फूल होतो. बोटांच्या टोकांनी पांढरे ठिपके गोल लावून मध्ये एक केशरी ठिपका दिला की प्राजक्त. त्यासाठी कागद निळा किंवा काळा घ्या, पांढऱ्यावर प्राजक्त दिसत नाही. असे जाड रंगीत कागद खजुरी बाजारात सुटे मिळतात.

रंग घरचा हवा असेल तर खळ करा. एक वाटी मैदा, तीन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ. गार पाण्यात गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा, गार झाल्यावर खायचे रंग घाला. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते.

आणि वेळ? आंघोळीच्या आधीची. भूक आणि झोप दोन्ही नसलेली. तीन ठसे झाले की थांबा, चौथ्याला मूल कंटाळलेलं असतं आणि आपण हट्टाला पेटलेले असतो.

तीन वर्षांच्या मुलीचा बाबा, राजेंद्र नगर

आमची गोष्ट थोडी वेगळी आहे, लिहू की नको असं झालं होतं.

आमच्या लेकीला हाताला काही लागलेलं चालत नाही. वरणभातही चमच्याने. गेल्या नवरात्रात घरात नातेवाईक जमले होते, सगळ्या भावंडांच्या हातांचं एक मोठं तोरण करायचं ठरलं. पाच जणांचे ठसे झाले. हिची पाळी आली तेव्हा कुणीतरी प्रेमानेच तिचा हात धरून रंगात बुडवला. ती ओरडली नाही. हात अंगापासून लांब धरून, बोटं फाकवून उभी राहिली आणि तिचं सगळं अंग थरथरत होतं. मी उचलून नळाखाली नेलं. त्यानंतर महिनाभर रंगाची वाटी दिसली की खोलीबाहेर जायची. तोरणात तिची जागा रिकामी राहिली ती राहिलीच.

यंदा मी घाई केली नाही. आधी फक्त कागदावर तिचा हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. पेन्सिल बोटांच्या बेचक्यातून जाताना ती हसली, म्हणाली, "परत." आम्ही त्या दुपारी बावीस हात काढले. दोन दिवसांनी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत पिवळा आणि लाल रंग घालून तोंड चिकटपट्टीने बंद केलं आणि तिच्यापुढे ठेवली. पिशवीवरून दाबत ती दोन्ही रंग एकमेकांत सरकवत बसली, हात कोरडाच. केशरी झालं तेव्हा तिनेच आईला हाक मारली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी एक बोट, फक्त उजवी तर्जनी, स्वतःहून खळीत बुडवून तिने पेन्सिलच्या हातावर टेकवलं. एकच ठिपका. लगेच हात पुसून घेतला.

तो कागद आता तोरणात आहे, त्या रिकाम्या जागी.

प्लेग्रुपच्या ताई

दादा, बरं झालं लिहिलंत. दर वर्षी माझ्याकडे अशी एक-दोन मुलं असतात आणि आईबाप म्हणतात, "सवय लावा." सवय अशीच लागते, एका बोटाने. ओला फडका मुलाच्या नजरेसमोर ठेवा. हात कधीही पुसता येईल हे दिसलं की पुष्कळ मुलं धीर करतात. आणि नाहीच केला तर पेन्सिलचा हातही तिचाच हात आहे.

नुकतीच परतलेली आई, विजय नगर

मी चार वर्षं न्यू जर्सीत होते, मुलगा तिथल्या डे-केअरला जायचा. तिथे ऑक्टोबरात झाडं खरंच पेटल्यासारखी लाल-केशरी होतात, त्यामुळे ते चित्र तिथे मुलांच्या डोळ्यांसमोरचं असतं. कोपरापासून बोटांपर्यंत तपकिरी रंग लावून ठसा घेतात. हात म्हणजे खोड, बोटं म्हणजे फांद्या, आणि वर बोटांच्या टोकांनी रंगीत पानं. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतो, त्यासाठी टर्की करतात. अंगठा म्हणजे मान आणि डोकं, चार बोटं म्हणजे पिसारा, प्रत्येक बोटाला वेगळा रंग.

इथे आल्यावर त्याच ठशाचा आम्ही मोर केला. बोटं हिरवी-निळी, टोकांवर गडद निळे डोळे, अंगठ्यावर तुरा. मुलाला विचारलं, टर्की आठवते का? म्हणाला, "ती तिकडे राहते." आजीने मोराला नावही ठेवलंय.

कडेवर मूल, हातात मोबाइल

आमचा पितृपक्षातला कावळा! काळ्या रंगाचा आडवा ठसा, बोटं म्हणजे पंख, अंगठा म्हणजे डोकं, चोच पिवळी. पानावर खीर ठेवून पोरगा खिडकीत कागदी कावळा धरून खऱ्या कावळ्याला बोलावत होता. आला हो, खरंच आला.

आजी, रामबाग

तुम्ही पोरींनी फार छान लिहिलंय. मी संजाबद्दल सांगते, कारण आता ती फार थोड्या भिंतींवर दिसते.

आमच्या लहानपणी भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत शेजारच्या माळवी मुली भिंतीवर शेणाने रोज नवी आकृती मांडायच्या. वर फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, संध्याकाळी आरती आणि गाणी. शेवटी मोठा किल्लाकोट. आम्ही मराठी घरातल्या मुली त्यांच्यात असायचोच, कुणी वेगळं मानलं नाही. मोठ्या मुली आकृती करायच्या आणि आम्हा चिमुरड्यांना पाकळ्या दाबायचं काम. माझ्या बोटाला तो ओलसर गारवा अजून आठवतो.

यंदा नातीसाठी जुन्या पुठ्ठ्यावर गेरूचा हात दिला. शेणाऐवजी कणकेच्या दोऱ्या वळून चांद-सूरज केले आणि गुलबाक्षीच्या, झेंडूच्या पाकळ्या खळीने तिच्याकडून दाबून घेतल्या. ती पावणेदोन वर्षांची. पाकळी दाबायची, बोटाला चिकटून परत यायची, पुन्हा दाबायची. एका पाकळीला पाच मिनिटं. मला काही घाई नव्हती.

दिवाळीला आमच्याकडे लक्ष्मीची पावलं ठशांचीच असतात. तांदळाची पिठी दाटसर कालवायची. मूठ वळून करंगळीकडची बाजू पिठीत बुडवून उंबऱ्यापासून आत टेकवत यायचं, तो झाला तळवा. वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके. उजव्या मुठीचं एक पाऊल, डाव्या मुठीचं दुसरं. लहान मुलाच्या मुठीचं पाऊल इतकं नाजूक येतं की मोठ्या माणसाच्या हाताला ते जमायचं नाही. पावलं आत येणारी असावीत, एवढं मात्र बघा. आमची नात दोनदा बाहेर निघाली होती, मी पुसून पुन्हा आत आणली.

आजोबा, टिळक नगर

आमच्या घरी दसऱ्याला ठशाचं आपट्याचं पान करतात. बोटं मिटून, दोन्ही मनगटं जवळ आणि तळवे किंचित बाहेर तिरपे, असे दोन हिरवे ठसे. आपट्याचं पान दोन भागांचंच असतं, त्यामुळे हुबेहूब दिसतं. नातू ते घेऊन सगळ्यांना सोनं द्यायला फिरतो, झाड ओरबाडायला नको.

पाच वर्षांपूर्वी तो अकरा महिन्यांचा असताना पहिलं पान केलं. सुनेने तेव्हाच ठरवलं की कागद बदलायचा नाही. एकाच मोठ्या कार्डशीटवर दर दसऱ्याला एक पान, खाली तिथी आणि साल. यंदा मुलगा-सून बदली होऊन पुण्याला गेली. कार्डशीट इथेच राहिला, माझ्या कपाटावर गुंडाळून.

दसऱ्याच्या आधी मी तो नळकांड्यात घालून कुरिअरने पाठवला. परवा परत आला. सहावं पान पहिल्याच्या शेजारी आहे. पहिलं माझ्या दोन बोटांत मावतं, सहाव्यावर मी माझा तळवा ठेवून बघितला. रंग अजून पुरता वाळला नसावा, माझ्या हाताला थोडा हिरवा लागला. मी तो संध्याकाळपर्यंत धुतला नाही.