मुलाच्या मित्रालाच पोलिस सारखे अडवतात, तक्रार कुठे करायची? मदत हवी आहे

आम्ही सिडनीच्या वेस्टला राहतो. मुलाचा मित्र ॲबोरिजिनल (इथल्या मूळ रहिवाशांपैकी) आहे, दोघंही १५ वर्षांचे, एकाच युनिफॉर्ममध्ये स्टेशनवरून येताना महिन्यात तिसऱ्यांदा अडवलं आणि दरवेळी झडती फक्त मित्राची, आमच्या पोराला म्हणे तू जा. ना कारण सांगितलं ना ऑफिसरचं नाव, खरं तर न्यू साउथ वेल्सच्या २००२च्या कायद्यात ते सांगावं लागतं. व्हिडिओ नाहीये, तारखा-वेळा लिहून ठेवल्यात. मित्राच्या आजीला विचारलं, तक्रारीला ती तयार आहे पण पोलिस स्टेशनची पायरी चढणार नाही (का चढावी म्हणा). ॲबोरिजिनल लीगल सर्व्हिसला मेसेज टाकलाय. इथे कोणी वकील, युथ वर्कर असेल तर सांगा, माझ्या मुलाने साक्षीदार म्हणून थेट लॉ एन्फोर्समेंट कंडक्ट कमिशनकडे (पोलिसांच्या गैरवर्तनावर लक्ष ठेवणारी स्वतंत्र संस्था) तक्रार केली तर चालते का, आणि मित्राचं नाव पोलिसांपर्यंत न जाता?