सुई दिसली की डोळ्यांपुढे अंधारी

प्रश्न: परवा सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचंय, साखर आणि थायरॉइडसाठी. वय 43, दोन पोरांची आई, तरी सुईचं नाव काढलं की तळहाताला घाम फुटतो. मागच्या वर्षी इथे इंदूरला पलासियाच्या एका लॅबमध्ये दंडाला रबरी पट्टा बांधला तेवढ्यातच मी खुर्चीवरून घसरले. धाकटा अजून चिडवतो. काही उपाय?

उत्तर 1: ताई, मीही त्यातलीच. एरवी घाबरलं की बीपी वाढतं. सुई-रक्ताच्या भीतीत ते आधी चढतं आणि मग धाडकन पडतं, म्हणून घेरी येते. तेव्हा 'अंग सैल सोडा' हा सल्ला उलटाच पडतो. मांड्या, पोट, दुसऱ्या हाताची मूठ 10-15 सेकंद घट्ट आवळा, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग 20-30 सेकंद सोडा. असं पाचेकदा. सुईचा हात मात्र ढिला. आजपासूनच सराव करा. मी ओट्याशी उभी राहून करायचे, सासूबाईंना वाटलं पोटात कळ आली!

उत्तर 2: साधं पाणी पिऊन जा, चालतं, शीरही लवकर सापडते. आणि आधीच सांगून आडव्या व्हा. लाजायचं काय त्यात?

उत्तर 3: बधिर करणारं मलमही मिळतं, पण डॉक्टरांना विचारून. तासभर आधी लावावं लागतं.

प्रश्नकर्ती: दिलं एकदाचं! झोपून. कॅलेंडरवरचे रविवार मोजत होते, तिसऱ्यावरच भैया म्हणाला, 'हो गया दीदी.' मग थेट पोहे-जलेबी, वर जिरावण मसाला भुरभुरून. साखरेचा रिपोर्ट यायच्या आत खाऊन घेतली.