मदत हवी आहे: पेशंट सही करू शकत नाही, दाढ कुणाच्या संमतीने काढायची?

भांडुपचा_दातवाला
ऑटिझमचा पेशंट आहे. दाढ पार किडलीय, तोंडाजवळ आरसा नेला की हात झटकतो. भाऊ म्हणतो, "मी सही करतो, दोघं मिळून धरतो, तुम्ही काढून टाका." भावाची सही चालेल का? उद्याची अपॉइंटमेंट आहे, लवकर सांगा.

अक्कलदाढ
वय? कुठली दाढ? सूज, ताप, तोंड उघडायला त्रास? गोळ्या कुठल्या? एवढं तरी लिहा हो.

काऊहॉर्न
सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावा, ३८ टक्के. कीड थांबवणारं औषध आहे. दात कापसाने कोरडा करा, एक थेंब, मिनिटभर धरा, झालं. सुई नाही, ड्रिल नाही. कीड काळीकुट्ट होते, ते घरच्यांना आधी सांगा.

भांडुपचा_दातवाला
वय २६, ४६ नंबर (खालची उजवी पहिली मोठी दाढ). सूज-ताप नाही. रात्री उठून गाल दाबतो. फिट्सच्या गोळ्या चालू. प्रश्न सहीचा आहे, उपचाराचा नाही.

अक्कलदाढ
@काऊहॉर्न, झोपेतून उठवणारी कळ म्हणजे नसेपर्यंत गेलंय. तिथे सिल्व्हर लावून ठणका थांबत नाही.
@दातवाला, गोळी व्हॅल्प्रोएट असेल तर प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असू शकतात. काढण्याआधी सीबीसी, म्हणजे रक्ततपासणी, करा. आणि दुखतंय म्हणून ट्रॅमाडॉल देऊ नका, फिट येऊ शकते. सध्या पॅरासिटामॉल.

सातबारा
२६ म्हणजे सज्ञान. १८ नंतर आई-वडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, मग भाऊ कुठला? राष्ट्रीय न्यास कायदा १९९९, कलम १४. लोकल लेव्हल कमिटीकडे (जिल्ह्याची, कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची) अर्ज करून पालक नेमून घ्यायचा. आई-वडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात.

काऊहॉर्न
आणि कमिटी बसेपर्यंत पोराने कळवळत राहायचं? भारतीय न्याय संहितेचं कलम २७ वाचा, जुन्या आयपीसीचं ८९. पालक किंवा जिच्या कायदेशीर ताब्यात तो आहे अशी व्यक्ती संमती देऊ शकते.

सातबारा
ते फौजदारी गुन्ह्यापासूनचं कवच. ग्राहक आयोगातला दावा त्याने अडत नाही. गळ्याखाली सूज उतरली, गिळता येईना, जीभ वर ढकलली गेली, तर कागद बाजूला ठेवून आधी हॉस्पिटल गाठा. इथे तसं नाही.

हिरडी
फेनिटॉइन चालू असेल तर हिरड्याही वाढतात. स्केलिंग आणि ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन...

भांडुपचा_दातवाला
@हिरडी, हिरड्यांचं कोण विचारतंय? गोळी व्हॅल्प्रोएटच आहे. धरून काढण्याचं बोला.

अक्कलदाढ
नको. अर्धवट धरलेल्या पेशंटला ब्लॉक (जबडा बधिर करायचं इंजेक्शन) देताना सुई मोडते, मुळं मोडून आत राहतात आणि तो पुढे कुठल्याच खुर्चीवर बसत नाही. हात झटकतोय म्हणजे नकार देतोय, हे केसपेपरवर लिहा. बोलत नसला तरी चित्रं दाखवून विचारा. दिवसातली पहिली वेळ द्या, सक्शन (थुंकी ओढणारं मशीन) बंद ठेवा, आधी नुसतं खुर्चीत बसवा. ब्लॉक दिलाच तर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो आणि हे पेशंट तो चावून फोडतात. सोबत कुणीतरी जागतं हवं.

काऊहॉर्न
चित्रं दाखवून ४६ निघत नाही. भूल द्या, एकदाच सगळं तोंड आटपा.

अक्कलदाढ
इथे तुमचं बरोबर. पण हॉस्पिटलमध्ये, भूलतज्ज्ञासह. घन अन्न सहा तास आधी बंद, स्वच्छ पाणी दोन तास. फिट्सची सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायचीच. "उपाशी" म्हटलं की घरचे नेमकी तीच चुकवतात.

सातबारा
"सगळं तोंड" असं फॉर्मवर लिहू नका. समीरा कोहली खटल्यात (२००८; फक्त तपासणीची संमती होती, भुलेत असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय काढलं) सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलं: एका प्रक्रियेची संमती दुसरीला पुरत नाही, जिवावर बेतलं तरच अपवाद. दातांचे नंबर लिहा. भुलेखाली नवी कीड दिसली तर कुठवर जायचं तेही आधीच लिहून घ्या.

काऊहॉर्न
ती बाई सज्ञान, शहाणी होती. इथे कसं लागू?

सातबारा
आईची सही चालली नाही, हा भाग इथे जसाच्या तसा लागू नाही, मान्य. संमतीची व्याप्ती किती, हा भाग लागू आहे.

मुलुंड_फास्ट
नायर डेंटलला न्या, मुंबई सेंट्रलला उतरा. गाडी नेऊ नका, पार्किंगची बोंब आहे.

भांडुपचा_दातवाला
उद्याची अपॉइंटमेंट फक्त एक्स-रेपुरती ठेवतो, तोही बसला तर. वडील आहेत, अंथरुणाला खिळलेले. हे लिहायचं राहिलं. अर्ज कुठे करायचा?

सातबारा
हे आधी सांगायचं ना! वडिलांशी फोनवर बोला, वेळेसह केसपेपरवर नोंद ठेवा. अर्ज वडिलांच्या नावाने करा, पालक म्हणून भावाचं नाव सुचवा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र जोडा. भांडुप म्हणजे उपनगर जिल्हा, तेव्हा कलेक्टर ऑफिस बांद्रा पूर्वचं. फोर्टला जाऊ नका, परत पाठवतील.