भावोजी म्हणतात "त्रैक्य हा शब्द बायबलात दाखव", काय सांगू?

निर्मळकर:
नमस्कार मंडळी, आम्ही वसईचे, पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक. ताईचे मिस्टर दोन वर्षं झाली नालासोपाऱ्याला कुणाच्या तरी फ्लॅटवर प्रार्थनेला जातात, तिथे त्यांनी परत बाप्तिस्मा घेतला आणि तो पण फक्त येशूच्या नावाने. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव, हे त्यांना आता पटत नाही. म्हणे लहानपणी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणत फादरनी डोक्यावर पाणी घातलं तो बाप्तिस्माच नव्हे. परवा रविवारी जेवायला आले, बाबांनी क्रुसाची खूण केली, यांचे हात मांडीवरच. झालं, बोंबलाचं कालवण गार होईस्तोवर वाद. मी मोठ्या तोऱ्यात आजीच्या जुन्या बायबलातलं 1 योहान 5:7 काढलं, पिता, शब्द आणि आत्मा हे तिघे एक आहेत ते, तर ते हसलेच. का हसले? आणि आता उत्तर काय देऊ?

अर्नाळ्याचा आजोबा:
हसणारच बाळा, तू नेमकं तेच वाक्य काढलंस जे जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाहीच. इरॅस्मस नावाच्या विद्वानाने 1516 ला ग्रीक नवा करार छापला त्यात ते नव्हतं, ओरड झाली म्हणून 1522 च्या आवृत्तीत घातलं, आता नवीन भाषांतरांत ते गाळतात नाहीतर तळाला टीप टाकतात. त्रैक्य शब्दही बायबलात नाही, मान्य करून टाक, त्यात लाजायचं काय? त्याचा लॅटिन शब्द टर्टुलियन या जुन्या ख्रिस्ती लेखकाने साधारण सन 200 च्या सुमारास वापरला. पण "माझ्या प्रभो, माझ्या देवा" असं थोमा हा शिष्य येशूला म्हणतो ते आहे (योहान 20:28), आणि "पिता माझ्याहून थोर" हे येशू स्वतः म्हणतो ते पण त्याच पुस्तकात आहे (14:28). ही दोन्ही एकत्र कशी धरायची यावरच सगळी मारामारी.
भावोजींना आधी एक विचार, त्रैक्य नाही म्हणजे *कुठल्या बाजूने* नाही? जुन्या काळातले दोन ख्रिस्ती गुरू घे. एरियस म्हणायचा पुत्र हा निर्माण केलेला, पित्यापेक्षा खालचा. सबेलियस म्हणायचा तिघे वेगळे नाहीतच, एकाच देवाची तीन रूपं. हे दोघं एकमेकांच्या अगदी विरुद्ध! आजचा यहोवाचे साक्षीदार हा पंथ पहिल्याच्या जवळ, फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देणारे दुसऱ्याच्या. लोक दोघांना एकाच टोपलीत टाकतात, मग कोलंबी आणि खेकडा एकच.

तारणाची_वाट:
मी तुमच्या भावोजींच्या बाजूचा, म्हणून शिव्या घालू नका 🙏 प्रेषितांची कृत्ये 2:38 वाचा, पेत्र सरळ सांगतो येशू ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घ्या. मत्तय 28:19 मध्ये पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या 'नावाने' म्हटलंय, 'नावांनी' नाही, आणि ते एक नाव येशू. 325 मध्ये निसियाला सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशप गोळा करून पुत्र पित्याच्या बरोबरीचा देव असं ठरवलेलं आम्ही का मानायचं?

अर्नाळ्याचा आजोबा:
सम्राटाने ठरवलं असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता रे. पुढचे सम्राट एरियसवाल्यांकडे झुकले, निसियाची बाजू लढवणाऱ्या अथनासियसला पाच वेळा हद्दपार केलं, पवित्र आत्माही देवच हे पक्कं व्हायला 381 उजाडलं. आणि तुमची आजची मंडळी 1916 ला अमेरिकेत असेम्ब्लीज ऑफ गॉड या पेंटेकोस्टल पंथातून याच वादावर फुटली, म्हणजे पेंटेकोस्टल लोकांचंही आपसात एकमत नाहीच.

वेंगुर्ल्याची बाय:
माका येक सांगूचा आसा. (पुढे शुद्ध लिहिते, नाहीतर तुम्ही वसईवाले हसाल.) आमचं घर प्रोटेस्टंट. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 ला इंग्लंडात झाला, पण त्रैक्य त्यांना पटेना, ज्या सिस्टरनी सांभाळलं त्यांच्याशीच पत्रांतून वाद घातले. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, अख्खं बायबल मराठीत आणलं. शंका आली म्हणून बाईंना कुणी ख्रिस्ती नाही म्हटलं का? जावयाला जेवू तरी द्या.

अलिबागकर:
मी ख्रिस्ती नाही, गावात ज्यूंची इस्रायल आळी आहे म्हणून वाचत होतो. "आपला देव परमेश्वर एकच" ही ज्यूंची प्रार्थना येशूने पण म्हटलीय ना (मार्क 12:29)? मग तिथून तुम्ही तीनवर कसे येता हे मला अजून कळलं नाही, आणि मला वाटतं त्या भावोजींची सुरुवातही इथूनच झाली असणार.

निर्मळकर:
आजोबा, विचारलं. "कुठल्या बाजूने नाही?" तर आधी गप्प, मग म्हणाले पास्टरना विचारून सांगतो. बाबा जिंकल्यासारखे बसलेत, मला तसं वाटत नाही, कारण मग मी बाबांना विचारलं की बाबा तुम्ही सांगा तिघे एक म्हणजे कसे, तर ते पण म्हणाले फादरना विचारतो. आईने डबा भरून दिला, ताई म्हणाली मे महिन्यात लेकाची पहिली कम्युनियन आहे ती देवळातच होणार, त्यावर भावोजी काही बोलले नाहीत.