मुलाखत बंद करा म्हणता, पण कोणती मुलाखत?

हिंगणा रोड
काल 'खामला चौक' यांनी लिहिलं की नोकरीची मुलाखत हा निव्वळ देखावा आहे, संशोधनाने ती निकालात काढली आहे, केंद्र सरकारनेही १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या, तेव्हा नागपूरजवळच्या बुटीबोरी-मिहानच्या कंपन्यांनी सरळ लेखी परीक्षा घ्यावी. खाली नुसते अंगठे. हे अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्याने नुकसान होतं, म्हणून लांबलचक लिहितोय.

निकालात निघाली ती गप्पांची मुलाखत. एकाला क्रिकेट विचारायचं, दुसऱ्याला गिअरबॉक्स, आणि शेवटी तिघांनी एकमेकांकडे बघून म्हणायचं, 'पोरगा बरा वाटतो.' श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र केलं तेव्हा अशा मुलाखतीचा कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत) ०.३८ निघाला, स्ट्रक्चर्ड म्हणजे ठरीव प्रश्नांच्या मुलाखतीचा ०.५१. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हाच हिशेब नव्याने मांडला, तेव्हा ०.१९ आणि ०.४२. बहुतेक आकडे घसरले, पण यादीत सगळ्यात वर राहिली ती स्ट्रक्चर्ड मुलाखतच. ज्या बुद्धिमापन चाचणीच्या जोरावर लेखीचा आग्रह धरला जातो, ती ०.५१ वरून ०.३१ वर आली.

आणि स्ट्रक्चर्ड म्हणजे छापील प्रश्नपत्रिका नव्हे. आधी सुपरवायझरांकडून काम बिघडल्याचे आणि सावरल्याचे पंधरा-वीस खरे प्रसंग गोळा करायचे. त्यातून सहा प्रश्न काढायचे. प्रत्येक उमेदवाराला तेच सहा, त्याच क्रमाने. मेंटेनन्स फिटरसाठी एक बघा: 'रात्रपाळीत कन्व्हेयरचं बेअरिंग हाताला चटका देतंय, सुपरवायझर फोन उचलत नाही, डिस्पॅचची गाडी गेटवर उभी आहे. काय करशील?' 'गाडी भरेपर्यंत चालू ठेवीन' याला १ गुण. 'बंद करून साहेबांची वाट बघीन' याला ३. 'लोड कमी करून तापमान आणि ग्रीस बघीन, वाढतच असेल तर बंद करून लॉकआउट (कोणी चालू करू नये म्हणून स्विचला कुलूप) लावीन, वरच्या माणसाला कळवीन, लॉगबुकात वेळ टाकीन' याला ५. ही नमुना उत्तरं पहिला उमेदवार आत येण्याआधी कागदावर हवीत. प्रत्येक उत्तरानंतर लगेच गुण, तिघांनी वेगवेगळे, आपसात न बोलता. शेवटी नुसती बेरीज.

खामला चौक
माझ्या पोस्टमधलं तुम्हाला खोडता आलं नाही ते तुम्ही वगळलंत. १९७९ मध्ये ह्यूस्टनच्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ऐनवेळी ५० जागा वाढल्या. मुलाखतींनंतर लावलेल्या ८०० जणांच्या यादीत तळाशी असलेली मुलं घ्यावी लागली, कारण वरची दुसरीकडे गेली होती. ती मुलं आधी निवडलेल्यांच्या तोडीस तोड निघाली. २०१३ मध्ये डाना, डॉस आणि पीटरसन यांनी दाखवलं की समोरचा हो-नाहीची उत्तरं मनातल्या एका अर्थहीन नियमाने देत होता, तरी मुलाखत घेणाऱ्यांना ते कळलं नाही. उलट मुलाखतीशिवाय, नुसत्या आधीच्या गुणांवरून, त्या विद्यार्थ्याच्या पुढच्या गुणांचा अंदाज जास्त बरोबर आला असता.

आणि तुमच्या ०.४२ चा वर्ग करा. ०.१८. म्हणजे माणसामाणसांतला ८२ टक्के फरक तुमच्या सर्वोत्तम पद्धतीलाही दिसत नाही. एवढ्यासाठी सहा प्रश्न, तीन माणसं आणि तक्ते?

मापनपट्टी
वर्ग करून मोजणं ही इथली नेहमीची चूक आहे. भरतीत प्रश्न असतो तो हा: घेतलेल्या दहांपैकी किती कामाचे निघाले? टेलर आणि रसेल यांची १९३९ ची कोष्टकं याचसाठी आहेत. धरा, अर्ज करणाऱ्यांपैकी निम्मे कामाचे आहेत आणि दहांतला एक घ्यायचा आहे. चिठ्ठ्या टाकल्या तर १०० पैकी ५० बरोबर. सहसंबंध ०.२० असेल तर ६४. ०.४० असेल तर ७८. गप्पांच्या आणि ठरीव मुलाखतीतलं अंतर हे असं, शंभरात चौदा माणसांचं. मात्र दहा अर्ज आले आणि आठ घ्यायचे आहेत, तर कुठलीही पद्धत फारसं काही करू शकत नाही.

हिंगणा रोड, तुम्हालाही एक सांगतो. २०२२ मध्ये आकडे पडले कशामुळे, ते तुम्ही लिहिलं नाहीत. जुन्या पुष्कळ अभ्यासांत चाचणी दिली ती आधीपासून नोकरीत असलेल्यांना. त्या लोकांची निवड त्या चाचणीवर झालीच नव्हती, तरी ती झाली असं धरून आकडा वर ओढला गेला. ही दुरुस्ती बुद्धिमापनाला भोवली. प्रात्यक्षिक चाचणीही घसरली, पण ती नव्या अभ्यासांमुळे. ती ०.५४ वरून ०.३३ वर आली.

सदर बाजार वाचनालय
माझा राग वेगळा आहे. १९८१ च्या अजय हासिया खटल्यात श्रीनगरच्या अभियांत्रिकी कॉलेजने १५० पैकी ५० गुण मुलाखतीला ठेवले होते आणि प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, अशा प्रवेशात मुलाखतीला १५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन म्हणजे मनमानी. मुलाखत टेप करावी हेही सुचवलं. खाजगी कंपनीला हे लागू नाही, ठाऊक आहे. पण भंडारा-गोंदियाहून आलेल्या आयटीआयच्या मुलाला 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' विचारून इंग्रजीचे गुण कापतात, त्याचं काय? लेथवर इंग्रजी कुठे लागतं? लागलं तर ड्रॉइंगवरच्या टिपा वाचण्यापुरतं. मग ड्रॉइंग द्या ना पुढ्यात!

वेल्डिंगवाला
राजेहो, तुम्ही तासभर आकडे मोजून राहिले, प्लेट कोणी पाहूनच नाही राहिलं. वेल्डरची मुलाखत काहून घेता? वेल्डिंग करून घ्या. आता ०.३३ म्हणून तिलाही खाली ढकलून राहिले. ती पडते काहून ते सांगतो. चाचणीच धड लावत नाहीत.

१० मिमीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटा, दोन्हीकडून ३० अंशाचा बेव्हल म्हणजे तिरपा काप, रूट गॅप म्हणजे जोडाच्या तळाची फट अडीच ते तीन मिमी, ३जी म्हणजे उभा जोड, खालून वर. रॉड ७०१८, ज्याले ओल चालत नाही. आता गडबड बघा. सकाळच्या पोट्ट्याले ओव्हनमधून काढलेला गरम रॉड भेटतो. दुपारच्याले तोच रॉड, पण उघड्या पाकिटातला, ओल धरलेला. त्याच्या जोडात पोरोसिटी, म्हणजे बारीक भोकं, येते आणि साहेब लिहितो 'हात बरोबर नाही'. हात बरोबरच होता, रॉड खराब होता. दुसरं, एकाले लहान केबलचं मशीन, दुसऱ्याले तीस मीटर केबलचं. तिथे करंट पडतो, रूट पकडत नाही, मागून पाहिलं तर पेनिट्रेशनच नाही, धातू आरपार वितळलाच नाही. तिसरं, मधे ग्राइंडर देता. ग्राइंडर हाती असला की अंडरकट, म्हणजे जोडाच्या कडेची खाच, घासून सपाट होतो आणि वरून सारं गोड दिसते. नुसतं वरून पाहून निवडाल तर ग्राइंडर चांगला चालवणारा निवडाल.

म्हणून कापा आणि बेंड करा. रूटची बाजू बाहेर ठेवून १८० अंश वाकवा, ३ मिमीपेक्षा मोठी फट उघडली की नापास. तिथे बोलबच्चन चालत नाही.

खामला चौक
आणि ही 'चाचणी' कोणाच्या खर्चाने? ट्रायलच्या नावाखाली दिवसभर ऑर्डरचा माल वेल्ड करून घ्यायचा आणि संध्याकाळी 'कळवतो' म्हणायचं. हे शोषण आहे, निवड नाही. तुमच्या पद्धतीचं खरं रूप हेच आहे!

वेल्डिंगवाला
मोठ्याने बोलून माझ्या तोंडी नका घालू ते. मी ऑर्डरचा माल म्हटलं का? ऑर्डरच्या मालावर चाचणी होतच नाही, कारण दर वेळी जोड वेगळा, जाडी वेगळी, माप राहत नाही. टेस्ट प्लेट कापून भंगारात जाते. ज्या चाचणीनंतर प्लेट भंगारात न जाता गाडीत चढली, ती चाचणी नव्हती.

हिंगणा रोड
ही खूण इथे सगळ्यांनी उचलावी. आणि वेळ पाऊण तास, त्याहून जास्त नाही. येण्या-जाण्याचं भाडं कंपनीने द्यावं.

सदर बाजार वाचनालय
अकाउंटंटचं काय? तिथे कुठली प्लेट वाकवणार?

मापनपट्टी
खरेदीच्या २० नोंदी द्या आणि सोबत जीएसटीआर-२बी (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) चा उतारा. आत चार चुका पेरा: एका जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) मधले दोन अंक उलटसुलट, एक बिल पुढच्या महिन्यात गेलेलं, एक डेबिट नोट बिल म्हणून चढलेली, एकात आयजीएसटीच्या (परराज्यातल्या खरेदीचा कर) जागी सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या खरेदीचा). अर्धा तास. किती सापडल्या ते मोजा, आणि जिथे चूक नाही तिथे किती दाखवल्या तेही मोजा. दुसरा आकडा कोणी मोजत नाही आणि मग जो प्रत्येक ओळीवर खूण करतो तो पहिला येतो. दर खेपेला चुकांच्या जागा बदला, नाहीतर तिसऱ्या उमेदवारापर्यंत उत्तरं बाहेरच्या चहाच्या टपरीवर पोचलेली असतात.

खामला चौक
प्लेटची गोष्ट मान्य. अकाउंटंटचीही मान्य. सहा प्रश्नांचं अजून पटलेलं नाही. कागदावर गुण ठरवलेत तरी खुर्चीतला साहेब आडनाव आणि गाव बघून ३ चे ५ करणार, त्याला कोण अडवणार?

हिंगणा रोड
पूर्ण कोणी अडवू शकत नाही, हे खरं. पण प्रत्येक उत्तरानंतर पेनाने लिहिलेले तिघांचे कागद मुलाखत संपताच, बोलण्याआधी, टेबलावर पालथे ठेवायचे. मग उलटायचे. एकाच उत्तराला दोघांचे ३ आणि एकाचे ५ असतील, तर त्याने उमेदवाराचे कोणते शब्द ऐकले ते वाचून दाखवायचं. लिहिलेले नसतील तर त्या प्रश्नाला त्याचा गुण धरायचा नाही. आडनावाच्या माणसाला तिथे वाचायला काही नसतं.

खामला चौक
नियम लेखी आणि आधी जाहीर केलेला असेल, तर माझ्या पोस्टमधलं 'सगळ्या मुलाखती' खोडून 'गप्पांच्या मुलाखती' करतो. बाकी पोस्ट तशीच राहील.

वेल्डिंगवाला
राहू द्या. पण रॉड ओव्हनमधूनच द्या, हे कुठंतरी लिहून ठेवा.